आधी वस्ती, मग मालकी : मीरा-भाईंदरच्या गृहसंकुलांतील सामाईक मोकळ्या जागांचा एक ऐतिहासिक विचार

(१)

नगरांच्या इतिहासाची साधने म्हटली की किल्ले, देवालये, वेशी, पेठा व दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. चार-पाच मजली इमारतींच्या मधोमध राहिलेला एखादा हिरवा तुकडा, त्यातील दोन बाके, मुलांची घसरगुंडी व कुंपणालगतची झाडे यांना इतिहासाच्या अभ्यासात स्थान असू शकते, ही कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि हा तुकडा कोणाचा, तो कोणी राखावयाचा व त्याचा लाभ कोणी घ्यावयाचा, हे तीन प्रश्न एकदा विचारले म्हणजे जमीनधारणा, स्थानिक स्वराज्य आणि सहकार या तिन्हींचा इतिहास तेथे येऊन मिळतो, असे आढळून येईल.

प्रस्तुत निबंधात ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर या नगराच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख लोकसंख्या असलेले हे नगर २००१ साली सव्वापाच लाखांच्या जवळ व २०११ साली ८ लाखांच्या पुढे गेले. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढलेल्या या नगरात घरे प्रचंड संख्येने बांधली गेली व त्या घरांबरोबर नकाशावर मोकळ्या जागाही आखल्या गेल्या. आमचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, या जागांचे दुखणे कायद्याच्या अभावातून तितकेसे उद्भवलेले नाही. ते वस्ती व मालकी यांचा क्रम उलटल्यातून उद्भवले आहे. ज्या ठिकाणी आधी जमिनीची मालकी निश्चित झाली व नंतर माणसे राहावयास आली, तेथे बाग टिकली. ज्या ठिकाणी आधी माणसे आली आणि मालकी मागाहून येणार होती, तेथे बाग ही त्या मधल्या काळात बेवारशी राहिली.

(२)

उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस आज राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या टेकड्या, अशा चौकटीत भाईंदर, नवघर, मिरे, काशी, घोडबंदर, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही गावे वसली होती. भातशेती, मिठागरे व मासेमारी हे येथील जुने व्यवसाय. येथील बरीच जमीन खाडीच्या भरतीपासून राखून काढलेली खारजमीन होती, याची साक्ष खारीगाव हे नावच देते.

खारजमिनीचे एक वैशिष्ट्य या विवेचनात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिचे अस्तित्व बांधावर अवलंबून असते. बांध फुटला म्हणजे उधाणाचे पाणी एकाच्याच शेतात शिरत नाही. सर्वांचे पीक खारावते. त्यामुळे बांध कोणा एकाच्या मालकीचा नसूनही तो राखण्यात प्रत्येकाचा तात्काळ व प्रत्यक्ष स्वार्थ असतो. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, तो अशा सामुदायिक गरजेला सरकारी यंत्रणेची जोड देण्यासाठीच होय. गावातील दुसरी सामाईक वस्तू म्हणजे गुरचरण. गुरचरण, स्मशान, खळी, बाजार यांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २२ व्या कलमात आहे. म्हणजे गावाच्या सामाईक जागेस महसुली दप्तरात नाव असते आणि ती कोणत्या कामासाठी आहे याची नोंद असते.

नव्या गृहसंकुलातील मोकळ्या जागेस या दोहोंपैकी एकही आधार नाही. ती उजाड झाली तरी कोणाच्या घरात खारे पाणी शिरत नाही. तिचा ऱ्हास सावकाश होतो व त्याची झळ विभागून लागते. दप्तरातही तिची स्वतंत्र ओळख सहसा नसते. ज्या मूळ सर्वे क्रमांकावर संकुल उभे राहिले त्याच्याच सातबाऱ्यात, हस्तांतरण होईपर्यंत, ती पूर्वीच्या धारकाच्या किंवा विकासकाच्या नावाखाली दडलेली राहते. सामाईक वस्तू टिकण्यास लागणारा स्वार्थ दुबळा आणि नोंद अस्पष्ट, अशा स्थितीत केवळ सदिच्छेवर तिची व्यवस्था चालेल, ही अपेक्षा मुळातच फोल ठरते.

(३)

मीरा-भाईंदरच्या आधी मुंबईने सामाईक मोकळ्या जागेचे दोन नमुने पाहिले होते. दोहोंचा परामर्श घेतल्याशिवाय तिसऱ्या नमुन्याचे वेगळेपण उमगणार नाही.

पहिला नमुना सरकारी नियोजनाचा. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली व तिच्या पाठोपाठ १८९८ साली सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. या मंडळाने दादर-माटुंगा भागात जी योजना राबविली तीत जमीन आधी ताब्यात घेतली गेली, रस्ते व बागांच्या जागा आखल्या गेल्या आणि मग भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले. माटुंग्याचे ‘फाइव्ह गार्डन्स’ हे त्या पद्धतीचे सर्वपरिचित फळ होय. १९३३ साली मंडळाचा कारभार महानगरपालिकेत विलीन झाला, तरी बागांच्या मालकीविषयी संदिग्धता निर्माण झाली नाही. कारण त्या प्रथमपासून सार्वजनिकच होत्या.

दुसरा नमुना सहकाराचा. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. मुंबईतील सहकारी गृहनिर्माणाचा आरंभ तेथून मानला जातो व त्या कार्याशी रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचे नाव निगडित आहे. येथे भूमी व इमारती संस्थेच्या आणि सभासद हा भाडेकरूही व भागीदारही, अशी रचना होती. इमारतींमधील आवार कोणाचे, हा प्रश्न सभासदाला पडण्याचे कारणच नव्हते. ते त्याच्या संस्थेचे होते व त्याची निगा राखणे हा संस्थेच्या हिशोबातील एक साधा खर्च होता.

याच सुमारास पॅट्रिक गेडीस हा विचारवंत नगररचनाकार हिंदुस्थानात वावरत होता. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू झाला, त्याचे प्राध्यापकपद त्यानेच प्रथम भूषविले. एडिंबरोच्या जुन्या वस्तीतील पडीक कोपऱ्यांत लहान लहान बागा उभ्या करण्याच्या उद्योगात तो पूर्वी पडला होता. मोठ्या उद्यानाइतकेच महत्त्व घराजवळच्या लहान मोकळ्या जागेला आहे व तिची जोपासना शेजाऱ्यांच्या सहभागाविना होत नाही, हा त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष म्हणता येईल. सरकारी नमुन्यात शेजाऱ्यांचा सहभाग नव्हता, सहकारी नमुन्यात तो होता. परंतु दोन्ही नमुन्यांत एक गोष्ट समान होती : पहिले बिऱ्हाड येण्यापूर्वी जमिनीचा धनी ठरलेला होता.

(४)

१९५७ साली बृहन्मुंबईची हद्द उत्तरेस दहिसरपर्यंत वाढविण्यात आली. मिरे व भाईंदर त्या हद्दीच्या लगेच पलीकडे राहिले. मुंबईचे महापालिकीय नियम तेथे लागू नव्हते. लोहमार्ग मात्र तोच होता. या स्थितीचा परिणाम उघड आहे. मुंबईतील घर परवडेनासे झालेल्या मध्यम व कनिष्ठ मध्यम वर्गास दहिसरच्या नाक्यापलीकडची स्वस्त जमीन हाच आधार वाटू लागला. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा आला आणि त्यातील सवलतीच्या कलमांन्वये दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर मोठ्या जमिनींना सूट मिळू लागली. शांतीनगरासारखी शेकडो इमारतींची संकुले या भागात उभी राहिली ती याच युगात. पार्क, गार्डन, नगर, व्हिला अशी प्रत्यये लावलेली या संकुलांची नावे पाहिली असता, घराबरोबर हिरवळीचीही विक्री होत होती, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

स्थानिक स्वराज्य संस्था मागाहून आली. १२ जून १९८५ रोजी पाच ग्रामपंचायतींची मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० साली उत्तन, डोंगरी आदी गावे तीत आली. नगराची विकास योजना १९९७ साली मंजूर झाली. आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. हे कालानुक्रम मुद्दाम दिले आहेत. विकास योजनेला मंजुरी मिळण्यापूर्वीच नगराचा मोठा भाग उभा राहिला होता. दादर-माटुंग्यात नकाशा आधी व घर नंतर. येथे घर आधी व नकाशा नंतर.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण व्यवहारात तो पुष्कळदा विसरला जातो. विकास योजनेत बागेसाठी आरक्षित केलेली जागा ही नगराच्या सर्व रहिवाशांची. ती महानगरपालिकेने संपादन करावयाची असते. याउलट, एखाद्या मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात, ज्याला व्यवहारात ले-आउट म्हणतात, नियमानुसार सोडलेली मनोरंजनाची मोकळी जागा ही त्या संकुलातील रहिवाशांच्या सामाईक उपभोगासाठी असते. ती संपादन करावयाची नसते. पहिलीचा धनी निश्चित आहे. दुसरीचा धनी, म्हणजे रहिवाशांची संस्था, ती जागा आखली जाते त्या दिवशी जन्मालाच आलेली नसते. या निबंधाचा विषय ही दुसरी जागा होय.

(५)

या अजात धन्याच्या हक्काचे रक्षण कसे करावयाचे, हा महाराष्ट्रातील गृहनिर्माणविषयक कायद्यांपुढील साठ वर्षांचा प्रश्न आहे. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा अधिनियम, ज्याला व्यवहारात मोफा म्हणतात, हा त्याचा पहिला गंभीर प्रयत्न. प्रवर्तकाने मंजूर नकाशे दाखवावेत, ते उघड केल्यानंतर खरेदीदारांच्या संमतीविना त्यांत फेरफार करू नयेत व संस्थेच्या नावे जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण करून द्यावे, असे त्याने सांगितले. १९६४ च्या नियमांनी, अन्य मुदत ठरली नसल्यास, संस्थेच्या नोंदणीपासून ४ महिन्यांची मुदत घातली. शब्दांत उणीव नव्हती. परंतु अभिहस्तांतरण प्रवर्तकाच्या स्वाक्षरीवर अवलंबून होते आणि शिल्लक चटईक्षेत्राचे मूल्य जसजसे वाढत गेले तसतशी ती स्वाक्षरी लांबणीवर टाकण्यात त्याचा लाभ वाढत गेला. शेवटी २००८ साली कायद्यात सुधारणा होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. म्हणजे प्रवर्तक सही करीत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून संस्थेला मालकी मिळविता येऊ लागली. अधिनियम व ही सुधारणा यांच्यामध्ये ४५ वर्षे गेली. एक पिढी बागेत खेळून मोठी झाली, पण बाग तिच्या आईबापांची झाली नाही.

न्यायालयांनी या काळात हक्काची व्याप्ती हळूहळू विशद केली. मीरा रोडच्या शांतीनगराशी ज्या व्यवसायसंस्थेचे नाव निगडित आहे त्या शांतीस्टार बिल्डर्सच्या खटल्यात, १९९० साली, सर्वोच्च न्यायालयाने अन्न व वस्त्र यांच्या जोडीने योग्य परिसर आणि राहण्याजोगा निवारा यांचाही जगण्याच्या हक्कात समावेश केला. १९९१ साली बंगळूरच्या एका वस्तीतील उद्यानाची जागा खासगी शुश्रूषागृहास देण्याचा निर्णय त्याच न्यायालयाने अवैध ठरविला. उद्यानासाठी दाद मागण्याचा अधिकार तेथील रहिवाशांना आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. २००७ साली कांदिवलीच्या मधुविहार संस्थेच्या प्रकरणात, पुढे बांधावयाच्या इमारतींसह संपूर्ण योजना खरेदीदारापुढे आधीच उघड केली असेल तरच नव्या बांधकामास त्याच्या स्वतंत्र संमतीची गरज नाही, असा दंडक स्पष्ट झाला. २०१० साली मीरा-भाईंदरच्या वेशीवरील दहिसर येथील पांचाली संस्थेच्या खटल्यात, इमारतीखालील वाहनतळ हा सामाईक क्षेत्राचा भाग असून विकासकाने तो सुटा विकावयाचा नाही, हे ठरले. आणि १७ डिसेंबर २०१३ रोजी मुंबईच्या नियमांसंबंधी निर्णय देताना मनोरंजनाची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, पोडियमच्या छतावरील हिरवळीने तिची भरपाई होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व भाईंदरसारख्या सखल, खाडीकाठच्या नगरात विशेष आहे. छतावरच्या कुंडीतही गवत उगवते. परंतु पावसाचे पाणी भूमीत मुरण्यास व वृक्षाचे मूळ खोल जाण्यास मातीच लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसानंतर मोकळी माती ही शोभेची वस्तू आहे असे कोणी म्हणू नये.

विद्यमान नियम पूर्वीपेक्षा स्पष्ट आहेत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने उद्याने व क्रीडाक्षेत्रे यांचा सामाईक क्षेत्रात नामनिर्देशपूर्वक समावेश केला व ती खरेदीदारांच्या संघटनेकडे हस्तांतरित करण्याचे बंधन घातले. २०२० पासून मीरा-भाईंदरला लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर सामान्यतः १० टक्के मनोरंजनाची जागा सोडावी लागते. ती रहिवाशांच्या संस्थेकडे निहित झाल्याचे मानले जाते. संस्था अद्याप झाली नसल्यास, ती होताच नाममात्र १ रुपयाला ही जागा तिच्या हवाली करण्याचे वचन मालकाला द्यावे लागते. अन्य कोणास ती विकता वा भाड्याने देता येत नाही. हा एक रुपया लक्षणीय आहे. जमिनीचा भाव कितीही असो, या तुकड्याला बाजारभाव नाही, असे नियमाने त्या रुपयाच्या रूपाने जाहीर केले आहे.

(६)

मालकी मिळाली म्हणजे व्यवस्था साधली, असे मात्र नव्हे. येथून पुढे प्रश्न रहिवाशांच्या स्वतःच्या कर्तृत्वाचा आहे. एका मोठ्या रेखांकनात दहा, वीस किंवा त्याहून अधिक सहकारी संस्था असतात. प्रत्येक संस्था आपल्या जिन्याची, टाकीची व पंपाची काळजी घेते, कारण ते बिघडले तर सभासद दुसऱ्याच दिवशी चिटणिसाच्या दारी उभा राहतो. मधली बाग सर्वांची असल्याने तिची तक्रार कोणाच्या दारी न्यावयाची, हेच ठरलेले नसते. मग ज्या संस्थेची इमारत बागेला लागून असेल ती तिला आपले अंगण समजू लागते. दूरच्या संस्था वर्गणी नाकारतात. वाहने आत शिरतात. एखादे लहान बांधकाम तात्पुरते म्हणून उभे राहते आणि कायमचे होते. यांपैकी कोणतीही गोष्ट दुष्टबुद्धीने घडावी लागत नाही. पोकळी भरून निघणे हा तिचा स्वभावच आहे.

लंडनच्या चौकांतील बागांचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. सभोवारच्या घरांसाठी राखलेल्या या बागा अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत निर्माण झाल्या. त्यांपैकी अनेकींची दुर्दशा झाल्यावर इंग्लंडने सदिच्छेवर भिस्त ठेवली नाही. १८५१ च्या केन्सिंग्टन सुधारणा कायद्याने रहिवाशांची उद्यान समिती व तिच्यासाठी सक्तीचा कर, अशी व्यवस्था घालून दिली. १९३१ च्या कायद्याने शेकडो चौकांवर बांधकाम करण्यास बंदी केली. समिती, सक्तीची वर्गणी व बांधकामबंदी या तीन खांबांवर त्या बागा तगल्या. आपल्याकडे तिसरा खांब नियमांनी उभारला आहे. पहिल्या दोन खांबांसाठी संकुलातील सर्व संस्थांचा संघ, त्याच्या उपविधींत बागेचा स्वतंत्र निधी व प्रत्येक सदनिकेच्या मासिक देयकात त्याचे स्वतंत्र सदर, इतके पुरे आहे. रक्कम लहान असली तरी चालेल. ती ऐच्छिक असता कामा नये.

तथापि लंडनच्या बागांना कुलूप होते व किल्ली केवळ भोवतालच्या घरमालकांकडे होती, हेही विसरून चालणार नाही. मीरा-भाईंदरमधील संकुले जुन्या गावठाणांच्या शेतांवर व खारांवर उभी आहेत. शेजारच्या नवघर वा खारीगावातील मुलांनी जेथे कालपर्यंत खेळावयाचे तेथे आज कुंपण आहे. जागा कायद्याने संकुलाची असली, तरी कुंपणाबाहेरच्यांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न न्यायाचा आहे व त्याचे उत्तर रहिवाशांच्या संस्थेवर ढकलता येत नाही. ते उत्तर महानगरपालिकेने आरक्षित उद्याने प्रत्यक्षात उतरवूनच दिले पाहिजे. सार्वजनिक उद्याने पुरेशी नसली म्हणजे खासगी-सामाईक बागांवर ताण येतो आणि मग त्यांची दारे बंद होऊ लागतात. उलट, सार्वजनिक पैसा अशा बागेवर खर्च व्हावयाचा असेल तर तिची दारे सर्वांना खुली असली पाहिजेत, हेही तितकेच खरे.

(७)

हा केवळ गतकालाचा विचार नव्हे. १९८० च्या दशकातील चार मजली इमारती आज चाळिशीला आल्या आहेत व त्यांच्या पुनर्विकासाचे युग सुरू झाले आहे. चार मजल्यांच्या जागी वीस मजले उभे राहतील, तेव्हा त्याच तुकड्यावर पाचपट माणसांचा भार येईल. ज्या संस्थांकडे मंजूर रेखांकनाची प्रत, अभिहस्तांतरणाचा दस्त व सामाईक जागेतील आपल्या अविभक्त हिश्श्याची नोंद असेल, त्या वाटाघाटीत आपली बाग राखू शकतील. ज्यांच्याकडे केवळ आठवण असेल त्यांना ते कठीण जाईल. आठवण न्यायालयात दाखल करता येत नाही.

येथे विद्यापीठातील अभ्यासकांसही एक कार्य आहे. गावच्या वतनांचे व जमाबंदीचे कागद आपण जितक्या आस्थेने वाचतो, तितक्या आस्थेने गृहसंकुलांची कागदपत्रे अद्याप वाचली गेलेली नाहीत. बिनशेती परवानगीचे आदेश, वेळोवेळी सुधारलेली रेखांकने, विक्रीचे करारनामे व वार्षिक सभांची इतिवृत्ते ही नागर महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने होत. एकाच संकुलाची लागोपाठची रेखांकने शेजारी शेजारी ठेवली, तरी मधला हिरवा चौकोन केव्हा व कोणत्या आदेशान्वये आक्रसला, हे दिसून येईल. इतिवृत्तांत त्या चौकोनाविषयी रहिवाशांनी प्रथम केव्हा चर्चा केली, हेही कळेल. बहुधा या दोन तारखांमध्ये बरेच अंतर आढळेल, असा आमचा अंदाज आहे. ते अंतर मोजणे हे संशोधकाचे काम आणि ते कमी करणे हे रहिवाशांचे. पहिले काम झाल्यास दुसरे पुष्कळ सुकर होईल, कारण आपला हक्क कोणत्या कागदात आहे हे ठाऊक असलेला मनुष्यच तो वेळेवर मागू शकतो.